दोन मिलिमीटरच्या चिलटाचा सातबारा

चिलटाच्या एका नव्या जातीला नाव देण्याच्या कामात पहिला कागद लागला तो सातबाऱ्याचा उतारा. किडे धरायला सातबारा लागतो हे एम.एस्सी.ला असताना कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या तीन वर्षांत असे बरेच कागद लागले, म्हणून म्हटलं क्रमानं लिहून ठेवावं. कुणाला एखादा किडा वेगळा दिसला आणि ‘आता पुढे काय’ म्हणून तो बाटली हातात घेऊन बसला असेल, तर उपयोग होईल.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. संशोधन हा माझा पेशा नाही. एम.एस्सी.च्या वेळचे एक सर पुण्यात असतात, निवृत्त आहेत, आयुष्यभर माश्या-डासांच्या गणात रमलेले. २०२१ च्या जूनमध्ये त्यांचा फोन आला. म्हणाले, “तुमच्याकडच्या सदाहरित राया आहेत ना, तिथं फंगस नॅट कुणी नीट धरलेलेच नाहीत. सापळा लाव एक.” मी हो म्हटलं. काय कबूल केलंय ते नंतर कळलं.

फंगस नॅटला मराठीत वेगळं नाव नाही. चिलटंच ती. कुंडीतल्या ओल्या मातीवर काळी, नाजूक चिलटं उडतात किंवा आळिंब्याच्या शेडमध्ये जी डोकं उठवतात, ती यांच्याच गोतावळ्यातली. पण जंगलातल्या बहुतेक जातींना माणसाशी काही देणंघेणं नसतं. अळ्या कुजक्या ओंडक्यात, बुरशीत, कुत्र्याच्या छत्र्यांमध्ये वाढतात. न्यूझीलंडच्या वायटोमो गुहांच्या छतावर जे निळे दिवे बघायला लोक पैसे देऊन होडीतून जातात, त्या अळ्याही याच नात्यातल्या. आमच्याकडची मंडळी दिवे लावत नाहीत. दोन-अडीच मिलिमीटरची, पाठीला कुबड, डोकं खाली घातलेलं, मळकट पिवळा रंग. दहा जातींची दहा चिलटं शेजारी ठेवली तर दहाही सारखी दिसतात.

चंदगड-आंबोली पट्ट्यात अंजनी, जांभूळ, पिसा यांचं दाट जंगल आहे. पावसाळ्यात आत शिरलं की भरदुपारीही संध्याकाळ वाटते. सगळं जंगल सरकारी नाही, बरंच मालकीचं आहे. वनखात्याच्या हद्दीत काम करायचं तर रीतसर संशोधन परवाना लागतो. तो शक्यतो एखाद्या संस्थेमार्फत मागावा, एकट्यादुकट्यानं मागून चटकन मिळत नाही. मी सोपी वाट धरली. माझ्या मैत्रिणीच्या चुलत्यांची, आबांची, देवराईला लागून मालकीची चार एकर राई आहे. सापळा तिथं लावायचं ठरलं.

आबांनी होकार एका वाक्यात दिला. कागद मात्र महिनाभर चालले. आबांचं संमतीपत्र, त्याला जोडून सातबारा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, गावच्या जैवविविधता समितीला पत्र आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाला माहितीसाठी एक प्रत. सातबाऱ्यावर आबांबरोबर दोन भावांची नावं निघाली. एक भाऊ मुंबईला गिरगावात. त्यांची सही पोस्टानं मागवली. एका कार्यालयात माझा अर्ज ‘विषय समजत नाही’ असा शेरा मारून परत आला. विषयात मी ‘डिप्टेरा गणातील कीटकांचे सर्वेक्षण’ असं लिहिलं होतं. दुसऱ्यांदा ‘चिलटे पकडणेबाबत’ लिहिलं, लगेच पोच मिळाली. पोच प्रत्येक कागदाची घ्या. तीन वर्षांनी शोधनिबंध पाठवताना नियतकालिकाच्या संपादकांनी नेमकं हेच विचारलं: कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या परवानगीनं?

कागद झाले तरी आबांच्या लेखी एक परवानगी बाकी होती. राईला लागून देवाची जागा, तेव्हा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला हवं. ३ सप्टेंबर २०२१ ला गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. ‘ही बाय चिलटां धरतली, झाड-पेड तोडूची नाय’ एवढं मला कळलं. बाकीचं देवाला.

सापळा मॅलेझ पद्धतीचा. रेने मॅलेझ हा स्वीडिश माणूस. त्याच्या तंबूत शिरलेले किडे बाहेर पडायला नेहमी वरच्या कोपऱ्याकडेच जातात आणि तिथल्या भोकातून निसटतात, हे त्यानं पाहिलं. त्यावरून त्यानं सापळाच तंबूसारखा केला आणि १९३४ साली ब्रह्मदेशच्या मोहिमेत तो वापरला. उडता किडा मधल्या जाळीच्या भिंतीला आपटतो, वर चढतो आणि टोकाच्या बाटलीत पडतो. बाहेरून तयार मागवायचा तर माझ्या खिशाबाहेरचं होतं. मी मच्छरदाणीचं कापड आणलं, खालच्या भिंतीला काळं, वर पांढरं, आणि बाजारपेठेतल्या शिंपीकाकांकडून शिवून घेतलं. कापड, शिलाई, दोऱ्या धरून २,६०० रुपये. काकांनी पहिल्यांदा दार ठेवून शिवलं. त्यांना वाटलं बाळंतिणीसाठी आहे.

बाटलीत ९५ टक्के अल्कोहोल. ७० टक्क्यांत किडा मऊ राहतो, हाताळायला बरा, पण पुढे डीएनए काढायचा असेल तर ९५ लागतं. शुद्ध अल्कोहोल असं दुकानातून मिळत नाही, उत्पादन शुल्काचा परवाना लागतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे तो होता म्हणून माझं भागलं.

दर रविवारी सकाळच्या एसटीनं जायचं, बाटली बदलायची, जळवा काढायच्या, काकींच्या हातची नाचणीची भाकरी खाऊन परत. दुसऱ्याच आठवड्यात, गणपतीच्या धामधुमीत, गव्यानं सापळा तुडवला. मधली भिंत फाटली, बाटली उलटी, आतलं सगळं चिखलात. आबा म्हणाले, “वाटंत लावलास मगे.” खरंच वाटेत लावला होता. उडणारे किडे मोकळ्या वाटेनं जातात म्हणून सापळा वाटेवर आडवा लावा असं पुस्तकात असतं. गवेही मोकळ्या वाटेनंच जातात हे पुस्तकात नव्हतं. मग आबांनी स्वतः दहा हात बाजूला, दोन अंजनींच्या मध्ये जागा काढून दिली. नोव्हेंबरपर्यंत आठ बाटल्या हाती लागल्या.

बाटली बशीत ओतली की पहिल्यांदा जीव दडपतो. काळा-तपकिरी गाळ, आणि त्यात हजारो पाय-पंख. सूक्ष्मदर्शक कॉलेजचा, वेळ सुट्टीचा. एक बाटली निवडायला तीन रविवार लागायचे. आधी गण वेगळे, मग चिलटं वेगळी, मग पंखांच्या शिरांवरून कुळं. इथं सरांचा सल्ला लिहून ठेवते: चिठ्ठी बाटलीच्या आत टाका, पेन्सिलीनं लिहून. माझ्या पहिल्या दोन चिठ्ठ्या बॉलपेनच्या होत्या. अल्कोहोलनं अक्षरं धुऊन नेली आणि तारखा मला एसटीच्या तिकिटांवरून जुळवाव्या लागल्या.

मार्च २०२२ मध्ये पाचव्या बाटलीत तो नर मिळाला. मॅनोटा या वंशातला, हे डोक्याच्या ठेवणीवरून आणि मागच्या पुसट शिरांवरून सरांनी फोटोत ओळखलं. पण हा वंश म्हणजे मोठं खटलं आहे. जगभरात तीनशेच्या वर जाती, आणि बाहेरून बहुतेक एकसारख्या. फरक असतो नराच्या जननांगात. तेही पाव-अर्ध्या मिलिमीटरचं. ते बघायचं तर पोटाचं टोक कापून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं, म्हणजे स्नायू विरघळून नुसता सांगाडा उरतो. मग अ‍ॅसिटिक आम्ल, पाणी, अल्कोहोल, लवंगेचं तेल आणि शेवटी काचपट्टीवर कॅनडा बाल्सममध्ये कायमचं. लवंगेच्या तेलामुळे प्रयोगशाळेला दाताच्या दवाखान्याचा वास येतो.

पहिल्या दिवशी मी ग्लिसरीनच्या थेंबात ते पाहिलं. दोन्ही बाजूंना चिमट्यासारखे अवयव, त्यांच्या आतल्या कडेला एक छोटी पाळी आणि पाळीवर केस. माझ्या नरात चार केस, मुळाशी जवळजवळ, टोकं बाहेर वळलेली. मी वहीत चित्र काढलं. बरं झालं काढलं.

कारण २३ एप्रिलला, शनिवारी, ते मी हरवलं. ग्लिसरीनमधून उचलून काचपट्टीकडे नेत होते, सुईच्या टोकावर एक पारदर्शक ठिपका. उकाडा असह्य होता म्हणून पंखा लावला होता. टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे, हातभर अंतर. पोचले तर टोकावर काही नाही. टेबलावर पांढरे कागद अंथरले, टॉर्च आडवी धरून इंचाइंचानं पाहिलं, नखं तपासली, ओढणी झटकून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. अडीच तास. शिपाई मामा कुलूप लावायला आले, त्यांनी विचारलं काय हरवलं, अंगठी का? मी हो म्हटलं. खरं सांगायला तोंडच उघडेना. सरांना फोन करायला दोन दिवस लागले. ते एवढंच म्हणाले, “माझं १९८४ साली टाचणीसकट मुंगीनं नेलं होतं. सप्टेंबरात परत लाव.”

एकुलता नर गेला म्हणजे सहा महिने काही नाही, असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात तेच महिने सगळ्यात कामाचे गेले, कारण वाचायला वेळ मिळाला. भारतातल्या या गटाचा पाया म्हणजे ‘फौना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला एनरिको ब्रुनेटीचा १९१२ चा खंड. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर फुकट मिळतो. ब्रुनेटी पेशानं संगीतकार होता, हे कळल्यावर मला उगाच धीर आला. पण त्याच्या काळात जननांगं कुणी फारशी काढून बघत नसे. वर्णन रंगाचं: ‘पिवळसर, पाय फिकट.’ त्यावरून ओळखणं म्हणजे ‘गव्हाळ वर्ण, मध्यम बांधा’ एवढ्यावर माणूस शोधणं. आग्नेय आशियातल्या डझनावारी मॅनोटा जाती या चिलटांचे अभ्यासक हेइक्की हिप्पा यांनी अलीकडे वर्णिल्या आहेत, त्यांची रेखाचित्रं मात्र आरशासारखी. मी एक तक्ता केला. प्रत्येक जातीपुढे पाळीवरच्या केसांची संख्या, त्यांची दिशा, चिमट्याचा आकार. तो तक्ता हेच खरं काम होतं. मी जाळं घेऊन काही ‘शोधायला’ फिरले नाही. हे आधीच कुणी नाव देऊन ठेवलेलं तर नाही ना, एवढंच वर्षभर तपासत बसले.

ही भीती खोटी नव्हती. त्याच सापळ्यातलं दुसरं एक मोठं चिलट मला आधी नवं वाटलं होतं. दोन महिने खर्च केले. शेवटी ते शंभरेक वर्षं जुन्या नावाचं निघालं. घरात मी मिठाई आणायची बाकी होती, इतकंच.

सप्टेंबर २०२२ ला पुन्हा सापळा. संमतीपत्रावर ‘सन २०२१’ लिहिलेलं होतं, म्हणून ते परत करावं लागलं, गिरगावच्या सहीसकट. पत्र करताना मुदत तीन वर्षांची घाला. या हंगामात नऊ बाटल्या आणि तीन नर. पंखा बंद ठेवून, घामाच्या धारांत, तिन्ही काचपट्ट्या दिवाळीच्या सुट्टीत झाल्या. तिन्हींत चार-चार केस. वहीतलं चित्र शेजारी ठेवून पाहिलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

आता डीएनए. ओळख पटवायला सीओआय नावाच्या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वापरतात. पहिल्या, बिनशेपटीच्या नराचा एक पाय खासगी प्रयोगशाळेत पाठवला. निकालात चिलट नव्हतंच. वोल्बाकिया निघाला. हा किड्यांच्या पेशींत राहणारा जिवाणू, आणि कधीकधी त्याचाच तुकडा आधी वाढतो. हे नेहमीचं आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी आठवडाभर स्वतःच्या हातांना दोष दिला. नव्या नराच्या पायावर दुसऱ्या खेपेला नीट अक्षरं आली. दोन्ही खेपांचे मिळून १,८०० रुपये. तुकडा जेनबँकेत, म्हणजे डीएनएच्या अशा तुकड्यांच्या जागतिक साठ्यात, टाकला, क्रमांक मिळाला. तिथं जवळचं काहीच जुळलं नाही. पण त्याला फार अर्थ नाही, कारण आपल्याकडच्या चिलटांचे तुकडे तिथं मुळातच थोडे आहेत.

तक्त्यात एक जात अगदी जवळची उरली होती, आग्नेय आशियातली. तिचा मूळ नमुना युरोपातल्या एका संग्रहालयात. आपला नमुना तुलनेसाठी परदेशी धाडायचा तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. पाकिटात घालून पोस्टात टाकायचा मोह आवरा, तो कायद्याचा भंग आहे. मी उलटं केलं. त्यांनाच पत्र लिहून त्यांच्या नमुन्याचे फोटो मागितले. अकराव्या दिवशी चौदा फोटो आले, फुकट. त्या जातीच्या पाळीवर दोनच केस होते. त्या रात्री सरांना मी ‘चार आणि दोन’ एवढाच निरोप पाठवला. त्यांचं उत्तर: ‘लिही.’

लिखाणाचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आहेत. २००० सालापासून लागू असलेली चौथी आवृत्ती संकेतस्थळावर वाचता येते. एकच नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा मूळ नमुना, म्हणून नेमायचा आणि तो कुठल्या संग्रहात ठेवणार ते लिहायचं, नाहीतर नावच ग्राह्य धरत नाहीत. निबंध फक्त इलेक्ट्रॉनिक निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या नोंदवहीत नोंदणी हवी, ती मोफत आहे. आणि नाव आधी फेसबुकवर टाकू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव पुढच्या लोकांच्या डोक्याला ताप होतो.

नाव काय द्यायचं? मला आबांचं द्यायचं होतं. पुरुषाच्या नावावरून असेल तर शेवटी आय अक्षर लागतं, बाईच्या नावावरून असेल तर एई, असं सगळं त्यांना समजावून सांगितलं. आबा जोरात हसले. “चिलटाक माझा नाव? लोक चावल्यार माका शिये घालतले.” ते चावत नाही, हे सांगूनही उपयोग झाला नाही. मग नाव राईवरून दिलं. ते मी इथं लिहीत नाही. निबंधात अक्षांश-रेखांशासह आहे, ज्याला काम आहे तो काढेल. एखाद्या जागेचं नाव गाजलं की शनिवार-रविवारी तिथं कशा गाड्या लागतात, ते आंबोलीच्या लोकांना विचारा.

होलोटाइप ठेवण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. जैवविविधता कायदा २००२, कलम ३९: नवी जाती सापडली तर नेमलेल्या भांडारांना कळवायचं आणि नमुना तिथं जमा करायचा. प्राण्यांसाठी असं भांडार म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. मुख्यालय कोलकात्यात, आणि आपल्याला सोयीचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला. २०२३ च्या नोव्हेंबरात मी काचपट्ट्या घेऊन निघाले. स्टीलचा पोळ्यांचा डबा, तळाला कापूस, मध्ये काचपट्टीची पेटी, वर कापूस, झाकणावर रबर. रात्रभर डबा मांडीवर. सातारच्या पुढे कंडक्टरनं विचारलं, “ताई, वर ठेवा की डबा.” नको म्हटलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, “दही असेल.” आकुर्डीत काचपट्टी हातातून देताना लाल चिठ्ठीवर, होलोटाइपची चिठ्ठी लाल असते, माझंच अक्षर होतं आणि त्यावर आबांच्या राईचं नाव. नोंदणी क्रमांक हातात पडल्याशिवाय निबंध पाठवता येत नाही, तेव्हा हे काम शेवटासाठी ठेवू नका.

निबंध पहिल्या नियतकालिकातून सहाव्या दिवशी परत आला. एकाच जातीचं वर्णन ते छापत नाहीत. हे त्यांच्या सूचनांत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. दुसरीकडे पाठवला फेब्रुवारी २०२४ मध्ये. छापायला पैसे न घेणारी चांगली नियतकालिकं या विषयात आहेत, पैसे मागणाऱ्यांच्या गोड ईमेलांना भुलू नका. साडेतीन महिन्यांनी दोन परीक्षकांचे शेरे आले. सत्तावीस मुद्दे. एका चित्रात मापाची रेघच नव्हती. जातीच्या नावाचं व्याकरणातलं लिंग वंशाच्या नावाच्या लिंगाशी जुळत नव्हतं. मॅनोटा स्त्रीलिंगी आहे, तेव्हा नावाची शेपटी बदलावी लागली. आणि मी चार माद्या ‘याच जातीच्या’ म्हणून घातल्या होत्या, त्या काढायला सांगितल्या: एकाच सापळ्यात सापडल्या म्हणजे एका घरच्या होत नाहीत. वाचून राग आला. रात्री झोपून उठल्यावर पटलं. काढल्या.

जुलैत स्वीकृती, ऑक्टोबर २०२४ मध्ये छापून आला. तीन वर्षांचा माझा खर्च एसटी धरून ३४,००० च्या आसपास, त्यातला मोठा वाटा प्रवासाचा आणि सूक्ष्मदर्शकाला बसणाऱ्या सेकंडहँड कॅमेऱ्याचा. एका वर्तमानपत्रात ‘डासाची नवी जात आढळली’ अशी बातमी आली आणि ग्रामपंचायतीत दोघं जण फवारणीचं विचारायला गेले. सरपंचांनी मला फोन लावला, मी स्पीकरवरून पंधरा मिनिटं चिलट समजावून सांगितलं.

छापील प्रत घेऊन राईत गेले तेव्हा आबा काजूच्या बुंध्याशी आळं करत होते. हात पुसून त्यांनी कागद घेतले. इंग्रजी त्यांना येत नाही, चित्रं पाहिली. पंखाचं चित्र आवडलं. पाळीवरचे चार केस मी बोटानं दाखवले.

“हो नर मां?”

“हो.”

“आणि बायल?”

“तिला अजून ओळखता येत नाही, आबा. चार आहेत माझ्याकडे, पण याच्याच की दुसऱ्या कुणाच्या, सांगता येत नाही.”

आबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. “मगे सापळो काढू नुको,” म्हणाले. “गव्याची वाट मी बघतंय.”